आपोआप गळालेली नाल

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर घोडा घेतला, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं. खोपोलीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढल्यावर त्यांना म्हणे काहीतरी जिवंत हवं होतं. मी म्हटलं, कुत्रा पाळा. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विषय तिथेच संपला.

घोडा कळंबच्या एका माणसाकडून आणला. त्याचे घोडे आठ महिने माथेरानला पर्यटकांना फिरवतात आणि पावसाळ्यात खाली उतरतात. आमचा काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपकासुद्धा नाही, आणि स्वभावानं गरीब. आम्ही दोघांनी त्याचे दात पाहिले, पाय पाहिले, जणू काही आम्हाला त्यातलं कळतं. एक गोष्ट मात्र आमच्या डोक्यात आली नाही. माथेरानला गाड्यांना बंदी आहे. हे कर्जतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी बिनगाड्यांच्या गावात वाढलेला घोडा आपण कर्जतजवळच्या कोंडाणे गावच्या रस्त्यावर डंपरच्या शेजारून चालवणार आहोत, हा साधा हिशेब एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला जमला नाही.

पहिल्याच आठवड्यात एक मोटारसायकल कर्कश आवाज करत मागून आली आणि घोडा ह्यांच्यासकट शेजारच्या भातात उतरला. हे कानापर्यंत चिखल माखून परत आले आणि हसत होते. मला हसू आलं नाही. माझा स्वभाव आधीच तसा. घरातलं कुणी दहा मिनिटं उशिरा आलं तरी मी मनातल्या मनात दवाखान्याच्या पायऱ्या चढून येते. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण बहुधा माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असेल.

मग मी कामाला लागले. कोंडाण्याच्या वाटेवर आमची अर्धा एकर जागा आहे, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये घोडा बांधलेला असे. रोज सकाळी मी माझी स्कूटर त्याच्यापासून वीस पावलांवर उभी करून चालू ठेवायची आणि त्याला गूळ द्यायची. पहिले चार दिवस त्यानं गुळाकडे पाहिलंसुद्धा नाही, कान मागे पाडून थरथरत राहिला. पाचव्या दिवशी खाल्ला. मग पंधरा पावलं, मग दहा. महिन्याभरानं इंजिनाचा आवाज ऐकला की तो मान वळवून गूळ शोधू लागला. मग मी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. शेजारच्या फार्महाऊसचा राखणदार कुंपणाशी उभा राहून हे सगळं बघायचा आणि मला वेड लागलंय असं त्यानं गावात सांगितलं होतं. मी हरकत घेतली नाही.

ह्यांच्यासाठी नियम केले आणि कागदावर लिहून शेडमध्ये चिकटवले. हेल्मेट घातल्याशिवाय रिकिबीत पाय ठेवायचा नाही. चकाकणारं पिवळं जाकीट घालायचं. शनिवार-रविवार रस्त्यावर यायचंच नाही, कारण त्या दोन दिवशी मुंबईची अर्धी माणसं इकडच्या रिसॉर्टवर येतात आणि परत जाताना त्यांना रस्ता दिसत नाही. डावी कड सोडायची नाही. वळणावर थांबून ऐकायचं. कानात काही खुपसायचं नाही, खिशातला फोन वाजला तरी काढायचा नाही. आणि निघण्याआधी चारही खूर उचलून बघायचे: खडा अडकलाय का, नाल हलतेय का. ह्यांच्या गुडघ्यांना वाकणं जड जातं, त्यामुळे हे शेवटचं काम माझ्याकडे आलं. मी बघून झाल्यावर “झालं” म्हणायची आणि मग हे चढायचे.

एवढ्यानं माझा जीव शांत होईना, म्हणून मी मागून जायला लागले. पुढे घोडा, त्यावर पिवळ्या जाकिटातले हे, आणि पन्नास पावलं मागे स्कूटरवर दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकवत पिवळ्या जाकिटातली मी. मागून येणाऱ्या गाडीला मी हात करून हळू करायला लावायची. पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर बसणारे एक म्हातारे रोज आम्हाला पाहायचे. एकदा म्हणाले, वरातीमागून घोडं ऐकलं होतं, घोड्यामागून वरात आज पाहिली. हे दिवसभर ते वाक्य आठवून हसत होते.

लोकांना वाटतं घोड्यावर बसलं की पडायची भीती घोड्यामुळे. तसं नसतं. घोडा दिसला की माणसं गाडी हळू करायच्या ऐवजी काच खाली करतात. कुणी शिट्टी मारतं, कुणी मोबाइल काढून अगदी अंगाला घासून चालवतं. ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला चिखल डांबरावर साबणासारखा होतो. रस्ता सोडून शेतात उतरावं तर प्लॉट पाडणाऱ्यांनी गवतातून काटेरी तार ओढून ठेवलेली असते आणि ती घोड्याला दिसत नाही. ह्यांना हे सगळं सांगितलं की ते म्हणायचे, अगं, तू इतकं बघतेस की मला काही बघायलाच उरत नाही. मला तेव्हा तो माझा गौरव वाटायचा.

आणि एक वेगळाच त्रास होता. काळ्या घोड्याची नाल शनीच्या पीडेवर उपाय मानतात. ती बाजारात मिळते, पण विकत घेतलेली चालत नाही, मुद्दाम उपटलेली चालत नाही. घोड्याच्या पायातून आपोआप गळून पडलेली हवी. एकदा पनवेलकडच्या एका गृहस्थानं आपली मोटार आमच्या घोड्यासमोर आडवी घातली आणि खाली उतरून हात जोडले. नाल सैल झाली असेल तर सांगा, मी रोज येऊन बघीन, म्हणाला. घोडा दोन पायांवर उभा राहता राहता राहिला. मी त्या माणसाला रस्त्यातच झापलं. शिकले-सवरलेले तुम्ही, लोखंडाच्या तुकड्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्याल, असं म्हणाले. शाळेत सातवीच्या वर्गाला बोलते तसंच बोलले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला. तिनं कुणाला तरी ह्यांची पत्रिका दाखवली होती. साडेसाती चालू, त्यात वाहनापासून भय. घरात काळा घोडा आणि दाराला नाल नाही, म्हणजे विहिरीच्या काठी बसून तहानेनं मरणं, असं ती म्हणाली. मी हसून फोन ठेवला. पण ‘वाहनापासून भय’ हे दोन शब्द माझ्याजवळ राहिले. मी पत्रिका मानत नाही. मानत नसताना मला भीती वाटली.

भात पिवळं पडायला लागलं होतं, तेव्हा नेरळकडचा नालबंद आला. तो दीड महिन्यानं येऊन जुन्या नाला काढून नव्या ठोकत असे. हे त्या दिवशी डोळे तपासायला पनवेलला गेले होते. त्यानं तीन पाय पुरे केले, पुढचा डावा मांडीवर घेतला आणि म्हणाला की हिचे दोन खिळे गेलेत, काढतो. मी त्याला थांबवलं. काढली नाही तर काय होईल, असं विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्याला नवीन नव्हता.

“पंधरा दिसांत आपसूक गळंल,” तो म्हणाला. “पन तवर डांबरावर काढू नका त्याला. नाल फिरली आन् मागचा पाय तिच्यावर पडला तर घोडा जाग्यावर बसंल.”

मी राहू द्या म्हटलं. पंधरा दिवस ह्यांना शेतातच फिरवीन, गवतात नाल पडेल, मी उचलीन, शनिवारी दाराला लावीन आणि माझ्या जिवाचा घोर जाईल. इतकं सोपं वाटलं मला ते. त्या कामात लाज होती म्हणून ह्यांना सांगितलं नाही. पनवेलच्या माणसाला मी झापलं होतं तेव्हा हे घोड्यावर बसून ऐकत होते.

पहिले काही दिवस निभावलं. स्कूटर दुरुस्तीला दिली आहे असं सांगितलं आणि माझ्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही हा नियमच होता. हे बांधाबांधानं फिरले. मी रोज तो खूर उचलायची, नाल बोटानं हलवायची. हलायची, पण पडायची नाही. मी तोंडानं “झालं” म्हणायची. गवतातून घोडा चालताना आवाज येत नाही, त्यामुळे ह्यांना काही कळत नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी हे शेतात जायला तयार होईनात. कापणी सुरू झालीय, माणसं विळे घेऊन वाकलेली असतात, त्यांच्यातून घोडा नेणं बरं नाही, असं म्हणाले. माझेच शब्द होते ते. दुरुस्तीचं निमित्त आदल्याच दिवशी संपलं होतं, स्कूटर दारात उभी होती. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. नाल सैल आहे, आज नको. पण मग कधीपासून सैल आहे, कुणी ठेवली, का ठेवली, हे सगळं आलं असतं. मी खूर उचलला, नाल हलवली. आज एक दिवस टिकेल असं स्वतःला सांगितलं आणि “झालं” म्हणाले.

डांबरावर आल्यावर तो आवाज मला ऐकू आला. तीन पाय टप टप पडत होते आणि चौथ्याच्या आवाजाला मागून एक बारीकशी खट् होती. मी पन्नास पावलांवरून वीसवर आले. ह्यांना हाक मारावी असं प्रत्येक खांबापाशी वाटायचं आणि पुढच्या खांबापाशी मारू असं ठरायचं. पूल गेला. टपरी गेली. म्हाताऱ्यांनी हात केला.

वळणावर ट्रॅक्टरचा चिखल पडला होता. समोरून रिसॉर्टच्या बाजूनं एक पांढरी मोटार येताना दिसली, जोरात. हे वळणाआधी थांबले, ऐकलं, डाव्या कडेला घोडा घेतला. सगळं नियमाप्रमाणे केलं. घोड्यानं पाऊल उचललं आणि पुढचं पाऊल पडलंच नाही. तो गुडघ्यांवर कोसळला आणि हे त्याच्या डाव्या खांद्यावरून डोकं खाली करून रस्त्यावर गेले. हेल्मेट डांबरावर आपटल्याचा आवाज मी अजून कुणाला वर्णन करून सांगितलेला नाही. घोडा धडपडत उठला आणि रस्त्यात आडवा उभा राहिला. हे त्याच्या पायांपाशी पडलेले.

मी स्कूटर टाकली आणि दोन्ही हात वर करून त्या मोटारीच्या दिशेनं पळाले. मला वाटतं मी ओरडत होते. मोटार थांबली ती माझ्यापासून चार हातांवर. आत एक तरुण जोडपं होतं, त्यातली मुलगी माझ्याआधी रडायला लागली.

आम्हाला रोज गवताचा भारा आणून देणारी ठाकूरवाडीची बाई त्याच वेळी त्या रस्त्यानं येत होती. तिनं डोक्यावरचा भारा टाकला आणि सरळ जाऊन लगाम धरला. घोड्याशी ती काहीतरी हळू बोलत होती. मला म्हणाली, तू दादांसंगं जा बाय, घोडा मी न्हेते. त्या तरुणानं आपल्याच मोटारीतून आम्हाला कर्जतच्या दवाखान्यात पोचवलं. गळ्याजवळचं डावं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे. हेल्मेट मधोमध तडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे नसतं तर आपण वेगळं बोलत असतो. सगळे मला म्हणत होते की तुमच्यामुळे वाचले. मी मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेले तेव्हा गवतवाली वाट बघत बसली होती. पदराची गाठ सोडून तिनं नाल माझ्या हातात दिली. वाकडी झालेली, एक खिळा अजून तिच्यातच.

“आपसूक पडली हाय, बाय,” ती म्हणाली. “लोकं जीव टाकत्यात हिच्यासाठी. म्हून कोनाला दावली नाय. तुझ्यासाठी ठिवली.”

मी ती स्कूटरच्या डिकीत टाकली. घरी जाताना प्रत्येक खड्ड्याला ती वाजत होती.

ह्यांना घरी आणलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, घोडा सपाट रस्त्यावर ठेचाळला. पायानं कच्चा आहे, आपल्याला कळलं नाही. नाल पडलेली त्यांना माहीत होती, पण ती घोडा कोसळताना निखळली असं ते धरून चालले होते. घोडा परत न्या म्हणून त्यांनी कळंबच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, रविवारी टेंपो घेऊन येतो. पण ठेचाळणाऱ्या घोड्यावर मी पर्यटक बसवणार नाही, मालाला लावीन. म्हणजे विटा, सिमेंट, गॅसचे सिलिंडर पाठीवर घेऊन माथेरानची चढण. ह्यांनी ‘बरं’ म्हटलं. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला हवं होतं तेच होत होतं. चौदा महिने मी देवाला दुसरं काही मागितलं नव्हतं. घोडा जाणार, हे घरात सुरक्षित राहणार, आणि मी काहीही न करता. फक्त गप्प राहायचं. मध्ये नालबंद येऊन त्या पायाला नवी नाल ठोकून गेला. त्यानं मला एक शब्द विचारला नाही, खूर मात्र नीट तपासला आणि पाय साफ आहे एवढंच म्हणाला. घोडा माझ्या खांद्यावर मान टेकवून गूळ मागत होता. स्कूटर चालू केली तरी मागत होता. मला स्वतःची इतकी शिसारी याआधी कधी आली नव्हती.

शनिवारी दुपारी मी डिकीतून नाल काढली आणि ह्यांच्या पांघरुणावर ठेवली.

“ही आधीच सैल होती,” मी म्हणाले. “नालबंद काढत होता. मी काढू दिली नाही. आपोआप पडायला हवी होती, तुमच्यासाठी.”

त्यांनी उजव्या हातानं नाल उचलून उलटीपालटी करून पाहिली. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. गेले तीन दिवस मी त्यांच्या तोंडच्या शिव्या आणि माझी उत्तरं मनात घोळवली होती.

“म्हणजे तो ठेचाळला नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पाय चांगला आहे त्याचा?”

मी हो म्हटलं. त्यांनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि ते रडले. बरगड्या दुखत होत्या, त्यामुळे नीट रडताही येत नव्हतं. माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. फोन मागून घेतला आणि कळंबला कळवलं की उद्या येऊ नका.

होळीच्या सुमारास ते पुन्हा घोड्यावर बसू लागले. मी पूर्वीसारखीच आधी शेडमध्ये जाते, चारही खूर उचलते, नाला हलवून बघते, मनापासून बघते. मग “झालं” म्हणते. ते बरं म्हणतात आणि खाली वाकून पुन्हा पहिल्यापासून चारही खूर बघतात. गुडघे वाजतात, डावा हात अजून पुरता उठत नाही, त्यामुळे त्यांना खूप वेळ लागतो. मी हेल्मेट धरून बाजूला उभी राहते.